शनिवार-रविवारी मोकळ्या जागांना कुलूप नको

मा. जिल्हाधिकारी, बेळगाव,
आणि मा. आयुक्त, बेळगाव महानगरपालिका यांस

वडगाव, बेळगाव
रविवार, 15 ऑगस्ट 2021

महोदय,
सादर नमस्कार.

आमच्या घरात पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत 22 पावलं होतात. लग्न होऊन या घरात आले त्याला 19 वर्षं झाली, पण ती मोजायची वेळ कधी आली नव्हती. मे महिन्यात माझ्या सासऱ्यांना कोरोना झाला. अकरा दिवस ते दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या घ्याच, पण चालणं सोडू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा बघायचा, सपाट जागेवर सहा मिनिटं चालवायचं आणि पुन्हा आकडा बघायचा. चालल्यावर आकडा तीन-चारने खाली आला तर लगेच बसवा, मला फोन करा, आणि जमेल तसं रोज थोडं वाढवत न्या.

आता विणकराच्या घरात सपाट जागा कुठली? पुढच्या खोलीत दोन माग आहेत आणि दोन्हींच्या मधून एक माणूस अंग चोरून जातो. मामंजी त्या बोळातून चालायचे. 22 पावलं झाली की मागाच्या चौकटीला हात टेकून वळायचे, पुन्हा 22. मी मागच्या दाराशी उभी. 95, 94, 93. थांबा मामंजी, बसा जरा. ते बसायचे आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे. चाळीस वर्षं रोज माग चालवलेला माणूस दहा फेऱ्यांत दमतो, हे त्यांना माझ्यासमोर दिसू द्यायचं नसायचं.

आमच्या कौलारू छपरात एक काचेचं कौल आहे. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून उन्हाचा एक पट्टा मागावर पडतो आणि त्या पट्ट्यात सुताची बारीक धूळ तरंगताना दिसते. माग बंद करून अर्धा तास झाला तरी ती तिथेच असते, खाली बसतच नाही. तेच सुताचं बाचकं मागच्या अंगणात नेऊन झटकलं तर दोन श्वासांत सगळं वाऱ्यावर जातं, डोळ्यांना काही दिसत नाही. कोरोना हवेतून कसा पसरतो हे पेपरात वाचलं तेव्हा मला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही. हा उन्हाचा पट्टा मी रोज बघते.

जून सरता सरता निर्बंध सैल झाले आणि आम्ही मामंजींना घराजवळच्या मैदानावर न्यायला लागलो. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली. महिन्याभरात ते दोन फेऱ्या न थांबता करायला लागले. जुलैच्या शेवटच्या रविवारी तर तिसरी फेरी अर्धी करून ते झाडाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "आकडा बघू नको, मला कळतंय." तरी मी बघितला. 96 होता.

मग 6 ऑगस्टला राज्य सरकारचा आदेश आला. महाराष्ट्र आणि केरळच्या सीमेला लागून असलेल्या आठ जिल्ह्यांत शुक्रवारी रात्री नऊपासून सोमवारी पहाटे पाचपर्यंत संचारबंदी. बेळगाव, विजयपूर, कलबुर्गी, बिदर इकडचे, आणि तिकडचे दक्षिण कन्नड, कोडगू, म्हैसूर, चामराजनगर. 7 तारखेला शनिवारी आम्ही नेहमीसारखे मैदानावर गेलो तर फाटकाला कुलूप होतं. ड्युटीवरच्या मुलाने, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा असेल, अगदी नरमाईने सांगितलं, "अज्जांना घरी घेऊन जा, बाहेर फिरायची परवानगी नाही." मैदान कुठलं हे मी मुद्दाम लिहीत नाही. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं आणि या पत्रामुळे त्याला कोणी काही बोलावं असं मला वाटत नाही. काल, 14 तारखेला, आम्ही गेलोच नाही. मामंजी पुन्हा दोन मागांमधून चालले.

हे पत्र त्यासाठी आहे. संचारबंदी का लावली हे मला कळतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या गल्लीने जे बघितलं ते पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. आमच्या ओळीतली तीन माणसं गेली. शेजारच्या अक्कांचे यजमान पहाटे चार वाजता गेले तेव्हा त्यांच्या दारात रडायलासुद्धा कोणी उभं राहू शकलं नाही, आम्ही आपापल्या खिडक्यांतून रडलो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतली आरटीपीसीआर चाचणी मागतात, दोन डोस झाले असले तरी मागतात. त्यावरून माझे कोल्हापूरचे नातेवाईक चिडतात, मी चिडत नाही. रोग येऊ नये म्हणून काळजी घ्या, कडक घ्या. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे, की मोकळी मैदानं, तळ्याचे काठ, बागा आणि समुद्रकिनारे यांना कुलूप लावल्याने रोग कमी होत नाही. माणसं तिथून निघून कौलांच्या आणि स्लॅबच्या खाली जातात, जिथे रोग जास्त आहे.

हे मी मनाने म्हणत नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी मिळून एक खुलं पत्र लिहिलं होतं. हा विषाणू हवेतून पसरतो हे मान्य करा आणि बंद खोल्यांतल्या हवेकडे लक्ष द्या, असं त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसह सगळ्यांना सांगितलं. त्याआधी चीनमधल्या संशोधकांनी तिथल्या 120 शहरांतले, एका ठिकाणी तीन किंवा जास्त माणसांना लागण झाल्याचे 318 प्रसंग तपासले होते. सगळेच्या सगळे छपराखालचे निघाले, बहुतेक तर राहत्या घरांतले. सात हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी चाळल्यावर मोकळ्यावर लागण झाल्याचा एकच प्रसंग सापडला आणि त्यात दोन माणसं होती. ही पाहणी डेल्टा हा कोरोनाचा जास्त वेगाने पसरणारा प्रकार येण्याआधीची आहे आणि तेव्हा तिकडेही लोक बाहेर फारसे पडत नव्हते, हे लक्षात घेतलं पाहिजे. मोकळ्यावर धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण घर आणि मैदान यांत जास्त धोका कुठे, याचं उत्तर डेल्टानेही उलटं केलेलं नाही. हवेतून पसरणारा रोग जितका जोरात पसरेल तितकी बंद खोली जास्त वाईट.

माझं माहेर कारवारकडचं, त्यामुळे किनाऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. दीड वर्ष जगभर हाच वाद चालू आहे, किनारे उघडायचे की नाहीत. आणि त्या वादात आपल्या मैदानाचं उत्तर आहे.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात बाँडाय नावाचा प्रसिद्ध किनारा आहे. 2020 च्या मार्चमध्ये एका गरम दिवशी तिथे तुफान गर्दी झाली, फोटो जगभर गेले आणि 21 मार्चला किनारा बंद केला. पाचेक आठवड्यांनी, 28 एप्रिलला, तो परत उघडला, पण वेगळ्या रीतीने. या, पोहा आणि घरी जा. वाळूवर चटई टाकून बसायचं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने 17 एप्रिललाच किनारे उघडले, सकाळी 6 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8, चालायला आणि पोहायला. खुर्च्या आणि टोपल्या घेऊन यायला बंदी. पहिल्याच दिवशी संध्याकाळी गर्दीचे फोटो आले आणि त्या शहरावर सगळीकडून टीका झाली. मला मात्र त्या फोटोंपेक्षा त्या वेळा डोळ्यांत भरल्या. अख्ख्या शहराला संध्याकाळचे तीनच तास दिले तर लोक त्या तीन तासांतच येणार. आपल्याकडे नळाला पाणी सोडल्यावर काय होतं ते आठवा.

इंग्लंडमधलं बोर्नमथ त्याहून बोलकं आहे. 2020 च्या 25 जूनला तिथल्या किनाऱ्यावर इतके लोक आले, की प्रशासनाने आणीबाणीची परिस्थिती जाहीर केली. आता इथे साथ भडकणार, असं सगळे म्हणाले. पुढे 2021 च्या फेब्रुवारीत एडिंबरा विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ प्राध्यापक मार्क वूलहाउस यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर सांगितलं, की गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवरच्या गर्दीवर एवढा गदारोळ झाला, पण त्या किनाऱ्यांशी जोडता येईल असा एकही उद्रेक सापडलेला नाही.

आणि आपल्याच देशातली चेन्नईची मरीना. 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली ती 14 डिसेंबरला उघडली. त्याच चेन्नईत दारूची दुकानं 18 ऑगस्टला उघडली होती, चित्रपटगृहं 10 नोव्हेंबरला. म्हणजे चार भिंतींच्या आतलं थेटर आधी आणि समुद्राच्या वाऱ्यातली वाळू नंतर. यामागे कोणाचा वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं, वाळूवर जमलेली माणसं दिसतात, खोलीत जमलेली दिसत नाहीत. बंदोबस्त दिसणाऱ्या गर्दीवर लागतो.

माझा भाऊ कारवारच्या बाजूला मासेमारी करतो. पावसाळ्यातली दोन महिन्यांची बंदी 31 जुलैला संपली. पूर्वी आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे तेव्हा एका दोरीला वीस-पंचवीस माणसं लागायची, सगळी वाळूवर, वाऱ्याच्या तोंडावर. गेल्या वर्षी त्याने मला फोनवर सांगितलेलं मी विसरले नाही. किनारा बंद केला तेव्हा गावातली पोरं घरी बसली नाहीत, एकाच्या पडवीत पत्ते खेळत बसली. आठ जण, एक चटई, एक पंखा. पुढच्या रविवारी नारळी पौर्णिमा आहे, म्हणजे राखीही. तो येऊ शकणार नाही, कारण तेव्हाही संचारबंदी असेल असं धरून चाललो आहोत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. राखी पोस्टाने गेली.

आता माझ्याविरुद्ध जे बोललं जाईल ते मीच बोलते. मोकळी जागा एवढी सुरक्षित, तर मग एप्रिलमधल्या सभाही चांगल्याच होत्या का? आपल्याकडे 17 एप्रिलला लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं आणि त्याआधी प्रचार झाला. सभा मैदानावर होतात, पण माणसं तिथे टेम्पोत दाटीवाटीने बसून येतात, खांद्याला खांदा लावून तास-दोन तास बसतात, घोषणा देतात आणि त्याच टेम्पोने परत जातात. मैदानावर होणारी प्रत्येक गोष्ट मैदानामुळे सुरक्षित होत नाही. मामंजी फेरी मारतात तेव्हा त्यांच्या पुढचा माणूस दहा पावलं पुढे असतो आणि कोणी ओरडत नसतं. 3 सप्टेंबरला महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आहे, पुन्हा प्रचार सुरू होईल, घरोघरी लोक येतील. उंबऱ्यात येऊन बोलणाऱ्या दहा जणांपेक्षा मला मैदानावरचे शंभर जण चालतील.

धबधब्यांचं मी वेगळं धरते, आणि याबाबत माझे गल्लीतले लोक माझ्याशी सहमत नाहीत. ऑगस्टमध्ये घटप्रभा दुथडी भरून वाहते. गोकाकचा धबधबा 170 फुटांवरून कोसळतो तेव्हा बघण्यासारखा असतो, मी स्वतः चार वेळा गेले आहे. गोडचिनमलकीला तर झाडीतून चालत जायची मजा वेगळीच. तिथे पाण्यासमोर उभं राहून कोणाला कोरोना होणार नाही. पण तिथे जायचं कसं? क्रूझरमध्ये चौदा जण कोंबून, पावसामुळे काचा वर करून, दीड-दोन तास. भिजल्यावर वाटेतल्या हॉटेलात एका टेबलाला आठ जण. आंबोलीला जाणाऱ्यांचंही तेच. लागण होते ती गाडीत आणि हॉटेलात. तेव्हा लांबची ठिकाणं काही आठवडे शनिवार-रविवारी बंद ठेवलीत किंवा गाड्या मोजून सोडल्यात, तर मी तुमच्या बाजूने बोलेन. पण जिथे माणूस घरातून निघून पायी जातो आणि पायी परत येतो, ते मैदान आणि तो काठ यांना हाच नियम लावू नका. किल्ला तलावाचा काठ, टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, गल्लीगल्लीतली लहान मैदानं, वडगाव-येळ्ळूरकडच्या शिवारातल्या वाटा. सध्या भात गुडघ्याएवढं झालंय, बांधावरून चालताना बासमतीचा वास अजून येत नाही, तो पुढे येईल. तिथे कोणाचा श्वास कोणाला लागणार आहे?

वेळेचं आता लिहिते, कारण हे पुरुष अधिकाऱ्यांच्या ध्यानात सहज येत नाही. जूनमध्ये सरकारने बागा उघडल्या तेव्हा पहाटे 5 ते सकाळी 10 अशी वेळ दिली होती. चांगलंच केलं. पण त्या पाच तासांत आमच्या ओळीतली एकही बाई बागेत गेली नसेल. पहाटे पाणी भरायचं, मग भाकऱ्या, मग माग सुरू व्हायच्या आधी सूत काढून द्यायचं, मुलांच्या मोबाईलवरच्या शाळेची सोय बघायची. आम्ही मोकळ्या होतो दुपारी चारला. अक्का तर यजमान गेल्यापासून घराबाहेरच पडत नाहीत, त्यांना मी एकदा कसंबसं चार वाजता मैदानावर नेलं होतं. कडेच्या बाकावर बसल्या आणि अर्ध्या तासाने म्हणाल्या, बरं वाटलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी स्वतःहून चप्पल घालून माझ्या दारात उभ्या होत्या. म्हणून विनंती, की वेळ उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ठेवा. जितके तास जास्त तितकी माणसं पांगतील. आणि मैदानाला चार फाटकं असतील तर चारही उघडा. एकच लहान फाटक अर्धं उघडं ठेवलं की तिथे जी रेटारेटी होते, तेवढी अख्ख्या मैदानात कुठे होत नाही.

मुलांचं बोलायलाच नको. माझा धाकटा चौथीत आहे. तिसरीचं पूर्ण वर्ष त्याने फळा बघितला नाही. 23 तारखेपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायचं ठरलं आहे, लहानांचं अजून काही नाही. आठवड्याचे पाच दिवस त्याचे वडील आणि मी मागावर असतो, त्याला बाहेर सोडायला कोणी नसतं. शनिवार-रविवार हे त्याचे धावायचे दिवस होते आणि नेमके तेच गेले. हॉटेलातली पोरं, दुकानातल्या मुली, गवंडी, सगळ्यांचं हेच आहे. ज्याच्या घराला गच्ची आहे, परसबाग आहे, त्याला ही संचारबंदी फार जाणवत नसेल. आमच्याकडे सात माणसं दोन खोल्यांत आहेत आणि त्यातल्या एका खोलीत माग आहेत. "घरीच थांबा" म्हणजे आमच्यासाठी एकमेकांचा श्वास घेत थांबा. मामंजींना कोरोना बाहेरून लागला, पण सासूबाईंना, दिरांना आणि मला तो त्या खोलीतच लागला.

मामंजी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगतात. प्लेग आला की गावात दवंडी पिटायचे आणि लोक घरांना कुलपं लावून शिवारात जायचे. माळावर झोपड्या घालून दोन-दोन, तीन-तीन महिने राहायचे, तिथेच चुली, तिथेच बाळंतपणं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे व्हायचा आणि कोरोनाचं कारण वेगळं, हे मला माहीत आहे. पण साथ आली की दाट वस्तीतून मोकळ्यावर जायचं, हे तेव्हाच्या सरकारलाही कळत होतं आणि अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माझ्या आजेसासूबाईंच्या सासूलाही. साथीच्या सुरुवातीच्या आदेशांत ज्या 1897 च्या साथरोग कायद्याचं नाव होतं, तो कायदा त्याच प्लेगातला आहे.

व्हॅक्सिन डेपोचं नाव वर आलं म्हणून सांगते. नवीन पिढीला तो फक्त फिरायचा आणि क्रिकेटचा माळ वाटतो. पण तिथे एके काळी देवीच्या रोगाची लस तयार व्हायची. वासरांच्या कातडीवर लस वाढवायचे, मग ती गोळा करून, शुद्ध करून बाहेर पाठवायचे. देशात ही लस करणाऱ्या ज्या मोजक्या संस्था होत्या, नैनितालजवळची पटवाडांगर, हैदराबाद, मद्रासची गिंडी, त्यांच्या बरोबरीने बेळगावचं नाव होतं. 1977 मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यात आपल्या गावाचा एवढा वाटा आहे. मामंजींच्या दंडावर देवीच्या लसीचा रुपयाएवढा व्रण आहे. ती लस इथलीच असेल असं ते अभिमानाने सांगतात. मी त्यांना विरोध करत नाही. तिथली ती मोठी जुनी झाडं, ती सावली, दंडावर हा व्रण असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आजारातून उठल्यावर चालायला मिळावी, यात गैर काय मागते आहे मी?

शेवटचं मागणं भाषेचं, आणि यात वाद नको आहे. मोकळ्या जागा उघडताना जे नियम घालाल, मास्क, अंतर, घोळका करून बसू नये, थुंकू नये, ते फाटकावर कन्नडबरोबर मराठीतही लिहा. अक्का कन्नड वाचतात, मी अडखळत वाचते, मामंजींना अजिबात येत नाही. 7 तारखेला फाटकावर जो कागद चिकटवला होता त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नाही. ते मला विचारत राहिले, "काय लिहिलंय? कधीपर्यंत बंद?" आणि मला पूर्ण सांगता आलं नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचंच जुनं धोरण आहे. पण धोरणासाठी म्हणून नको, साथीसाठी म्हणून करा. जो नियम वाचता येतो तो पाळता येतो. लसीकरणाच्या रांगेत आमच्या गल्लीतले लोक का मागे राहिले, हे कोणी विचारायला आलं तर मी हेच सांगेन.

राखणीला माणसं कमी पडतात, हेही तुम्ही म्हणाल. ते खरं आहे. मग आमची मदत घ्या. आमच्या ओळीतल्या पाच बायका आळीपाळीने चार ते सहा फाटकाशी उभ्या राहायला तयार आहेत. आम्ही विचारून ठेवलंय. मास्क नसलेल्याला मास्क देऊ, आमच्याकडे चिंध्या कमी नाहीत, शिवून ठेवते. शेंगावाला आत नको, बाहेर उभा राहू दे, लोक पुडी घेऊन घरी जातील. घोळका जमला तर आम्ही सांगू, आमचं ऐकतात. नाहीच ऐकलं तर तुमच्या माणसाला बोलावू.

हे सगळं जिल्ह्याच्या हातात नाही, आदेश बेंगळुरूहून येतात, हे मी जाणून आहे. पण आदेशाची अंमलबजावणी तुमच्याकडे आहे आणि जिल्ह्याची परिस्थिती वर कळवायचं कामही तुमचंच आहे. तेव्हा दोन ओळी कळवा. चालण्यासाठी मैदानं आणि तळ्याचे काठ खुले, पायी येणाऱ्यांना, सातही दिवस. कारवारच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही किनाऱ्यांबद्दल याच दोन ओळी कोणीतरी लिहाव्यात असं मला वाटतं, माझा भाऊ लिहिणार नाही म्हणून मी इथे लिहिते.

आज सकाळी मामंजींनी दोन मागांमधून 30 फेऱ्या केल्या. शेवटी आकडा 94 होता. पुढच्या शनिवारी, 21 तारखेला, दुपारी चार वाजता मी त्यांना आणि अक्कांना घेऊन फाटकापाशी येते. उघडं असलं तर आत जाऊ, नसलं तर परत फिरू.

आपली विश्वासू,
वडगावमधली एक विणकर